सहा पाय

मंगळवार, संध्याकाळ, शाहूपुरी

कॉलेजात कीटक शिकवते मी, आणि फोटो मोठा करून बघायचा कंटाळा केला.

दुपारी आजऱ्याहून वहिनींनी पाठवला होता. माझ्या भाचीला, ईश्वरीला, काजूच्या बागेत लाल मखमली किडा सापडला होता. खाली वहिनींनी विचारलं होतं, चावत न्हाय न्हवं? मी लिहिलं, मृगाचा किडा आहे, काही करत नाही. आम्ही लहानपणी काडेपेटीत पाळायचो की.

आत्ता चहा घेताना पुन्हा पाहिला. पाय सहा. मृगाच्या किड्याला आठ असतात. कंबर बारीक, मागचा भाग काळा, त्यावर दोन पांढरे ठिपके. पंख नाहीत, म्हणजे मादी. दिसते मुंगीसारखी, पण ही गांधीलमाशीच्या जातीतली, आणि नांगी मादीलाच असते. गेल्या वर्षी साधी मधमाशी चावली तर पोरीचा घसा सुजला होता. सहा पाय. मोजायला असा किती वेळ लागला असता मला?

लगेच फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "ती भ्यालती वन्सं. मीच म्हटलं, आत्या म्हणत्यात काय करत न्हाय, घे हातात. काडेपेटी हितंच हाय, रिकामी. किडा मुठीत धरून बागंत गेलीया."

ही नांगी मारते, टाकायला सांगा, म्हणाले मी. त्या तशाच धावल्यात, फोन हातात चालूच आहे. मी इथे बसून लिहितेय, कारण इथून दुसरं काय करू? वहिनींच्या हाका ऐकू येतायत. एक, दोन, आता तिसरी.

ईश्वरीची ओ अजून नाही.