दुर्बीण मी निवडली

ती. बाबांना स्वानंदीचा नमस्कार.

मी आणि तुमचा जावई नकुल, दोघं सुखरूप आहोत. तुमची पाठ आता कशी आहे?

प्लेनो शहराबाहेरच्या आमच्या शेतावर कायोटी, म्हणजे इथले कोल्हे, शेळ्यांची करडं फाडून टाकत होते. म्हणून रायफलवर बसवायची दुर्बीण आणली. नकुलला सगळ्यात लांबचं दाखवणारी हवी होती. मी म्हटलं, "अरे, कोल्हा अगदी कुंपणाशी येतो. एवढं मोठं दिसलं तर नुसते केस दिसतील!" शेवटी कमी पॉवरची घेतली.

काल सकाळी एका कोल्ह्याने गाभण शेळीचा गळा धरला. नकुलने रायफल उचलली, पण लगेच खाली केली. "मला नाही जमत," म्हणाला. मी ती ओढून घेतली. दुर्बिणीत दोन्ही जनावरं स्वच्छ दिसली. माझी गोळी कोल्ह्याच्या कमरेत बसली. तो किंचाळत रक्तातून फरफटत निघाला. मग मी जवळ जाऊन त्याच्या डोक्यात दुसरी गोळी घातली.

शेळी वाचली. आईला तेवढंच सांगा. ती जेवते ना नीट?

नकुल कालपासून माझ्याशी जपून बोलतोय. बाबा, दुसरी गोळी घालताना माझा हात जरासुद्धा हलला नाही. मला त्याचीच भीती वाटते.

तुमचीच,
स्वानंदी