बाबांचं बाक आणि शेजारचा आयव्हर

फ्रँकलिन, टास्मानिया
४ मार्च १९७४

चि. अ‍ॅथल यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नदीकाठचं बाबांनी केलेलं बाक कुजलंय, ते टाकून दे, घर विक आणि बर्नीला माझ्याकडे ये, असं तू लिहितोस. अरे, कुजलेलं नाही, माझ्या केसांसारखं करडं पडलंय एवढंच! काल सोड्याच्या पाण्याने खसाखसा धुतलं, शेवाळ निघालं. आज पॉलिश पेपर घेऊन बसले, तर कुंपणापलीकडून आयव्हर ओरडला, मर्लबाई, आडवं घासू नका, लाकूड आहे ते, भांडं नव्हे! सहा वर्षांचा शेजार, पण आज हवा गार आहे, यापलीकडे कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, एवढं कळतं तर या की इकडे. आला! जन्मभर होड्या बांधलेला माणूस. माझ्या हातातला कागदच काढून घेतला. करडा थर गेला आणि आतून मधासारखं पिवळंधमक पाइनचं लाकूड! वास असा सुटला की बाबा लाकूडकामावरून आलेत असंच वाटलं. घर विकत नाही. तब्येतीला जप.

तुझी,
मर्लताई

बर्नी
१४ मार्च

ती. ताईस अ‍ॅथलचा सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात बाक एक पान आणि आयव्हर तीन पानं! त्याने सैल पायाला नवी खुंटी ठोकली हे समजलं. पण तो शिट्टी छान वाजवतो, याचा बाकाशी काय संबंध, ताई?

चेष्टा सोड. भावोजी गेल्यापासून तू एकटी जेवतेस, या विचाराने मला इथे घास उतरत नाही. घर विक म्हणालो ते त्यासाठी.

तुझा,
अ‍ॅथल

फ्रँकलिन
२५ मार्च

चि. अ‍ॅथल यास अनेक आशीर्वाद.

हसत हसतच लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. शनिवारी तेलाचा शेवटचा हात दिला. दोन दिवस कुणी टेकायचं नाही, असं आयव्हरनेच बजावलं. आणि काल चर्चआधी तो स्वतःच कोट घालून हजर! म्हणे वाळलं असेल, बसून बघू. बसलो. नदीत काळे हंस होते. पाठ टेकून दहा मिनिटं तेच बघितले.

चर्चमध्ये तो डावीकडे, मी उजवीकडे, नेहमीसारखे लांब. भजनाला उभे राहिलो आणि मागे खसखस पिकली. त्याच्या कोटाच्या पाठीवर बाकाच्या फळ्यांचे, तेलाचे पाच आडवे पट्टे, माझ्या निळ्या जाकिटावर तेच पाच!

बाहेर आल्यावर आयव्हरचे कान लालबुंद. म्हणाला, मर्लबाई, गावाने तर ठरवून टाकलं, तुमचं काय? मी म्हटलं, आधी बाई म्हणणं सोडा, आणि माझं उत्तर हो! एका दमात. वीस एप्रिलला लग्न.

पण खरं सांग, त्रेसष्टाव्या वर्षी हे शोभतं का रे? तुला आवडलं नसेल तर स्पष्ट लिही.

तुझी,
मर्लताई

बर्नी
३० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. किटली उपडी झाली, पाय भाजला, तरी थांबलो नाही. आयव्हरभावोजींना नमस्कार.

मी आदल्या दिवशीच येतो. चर्चमध्ये तुला हाताला धरून मी नेणार. शाळेच्या पहिल्या दिवशी तू मला असंच नेलं होतंस. मी भोकाड पसरलं होतं आणि तू हसत होतीस. या वेळी नेणारा मी. पण रडणारही मीच, हे आत्ताच सांगून ठेवतो.

लोभ आहेच, आता दोघांचा मिळू दे.

तुझा,
अ‍ॅथल