वाचून न दाखवलेला प्रश्न

नाना, तुमच्या वाचनालयाचे कार्यक्रम आता मोबाईलवर होतात. तुम्ही गेलात तेव्हा गावात धड टेलिफोनही नव्हते, म्हणून समजावून सांगते. वक्ता पुण्यात आपल्या घरी बसतो, ऐकणारे आपापल्या घरी बसतात, आणि एका छोट्या पडद्यावर सगळ्यांची तोंडं चौकोनाचौकोनांत दिसतात. मला हे भाचीमुळे कळलं. तिने वाचनालयाची जाहिरात घरच्या ग्रुपवर टाकली: दर रविवारी सकाळी अकरा वाजता ऑनलाइन व्याख्यान, घरबसल्या ऐका, प्रवेश सर्वांना खुला. ते 'सर्वांना खुला' वाचून मला हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. तरी त्या रविवारी सासरी, केडगावच्या या स्वयंपाकघरात मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, कॅमेरा बंद ठेवला आणि मेथी निवडत ऐकत बसले.

तुम्ही तिथले ग्रंथपाल. दरवर्षी थंडीत वाचनालयाच्या पटांगणात तीन दिवस व्याख्यानं भरवायचात. पुरुष सतरंजीवर, बायका शेजारच्या शाळेच्या ओट्यावर. तोंडाने प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. चिठ्ठी लिहायची, ती हातोहात पुढे जायची, तुम्ही टेबलापाशी उभे राहून ती वाचायचात आणि मग वक्त्याच्या हातात द्यायचात. मी तेव्हा दहावीत होते. त्या वर्षी टँकर दिवसाआड येत होता, आईची कंबर धरलेली होती, आणि टँकरच्या दिवशी तुम्ही मला शाळेतून घरी ठेवत होतात. भाऊ मात्र दप्तर घेऊन निघायचा. वक्ते दुष्काळावर बोलले. तळी, बंधारे, सरकार, सगळ्यांवर बोलले. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'पाणी भरायला शाळा मुलीचीच का बुडते?' खाली नाव घातलं नाही. केवढी हुशार समजत होते मी स्वतःला! वाचनालयाच्या पुस्तकांची अर्धी कार्डं तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतली होतीत, पोरीचं अक्षर चांगलं म्हणून. ती चिठ्ठी मैत्रिणीच्या हाताने लिहून घ्यावी हे काही मला सुचलं नाही. तुम्ही चिठ्ठी उघडता, एक नजर टाकता, ओट्याकडे बघतसुद्धा नाही. दोनदा घडी घालता, शर्टाच्या खिशात ठेवता, आणि पुढची चिठ्ठी वक्त्यांना देता.

घरी आल्यावर मी जेवायला बसले, अर्धी भाकरी संपवली. शेवटी विचारलंच, "नाना, माझी चिठ्ठी कुठं गेली?"

"म्याच खिशात घातली. व्हय, घातली," तुम्ही म्हणालात. "ग्रंथपालाच्या पोरीनं घरातलं गावापुढं मांडायचं न्हाई. मला तितं रोज तोंड दाखवायचं आसतं."

"पन खोटं काय हुतं त्यात?"

"खरंच हुतं. म्हनून तर घातली."

आई चुलीपुढून म्हणाली, "आवो, जेवू द्या तिला." दहावीला माझं गणित राहिलं. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवतो म्हणाला होतात, पण निकालाच्या त्याच ज्येष्ठात तुम्ही माझं लग्न लावून दिलंत. रुखवतात शेवया-कुरड्यांच्या शेजारी तुम्ही एक शाईचं पेन मांडलं होतंत आणि येईल त्याला सांगत होतात की पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्या पेनाने मी सासरी वर्षानुवर्षं वाणसामानाच्या याद्या लिहिल्या. तुम्ही गेलात तेव्हा माणसं वाचनालयाच्या फाटकापर्यंत उभी होती, नानांनी गावाला वाचायला शिकवलं म्हणून रडत होती. मी रडले नाही. मला तुमचा राग आला होता आणि तो अजूनही गेलेला नाही.

आता तिथली ग्रंथपाल एक तरुण मुलगी आहे. महिनाभर मी रविवार चुकवला नाही हे पडद्यावरच्या नावांच्या यादीवरून तिच्या ध्यानात आलं असावं. तिने फोन केला. "आत्या, तुमी नानांच्या लेक ना? मला एकटीला उरकत न्हाई बघा. लोक प्रश्न लिहून पाठवत्यात, ते वाचून दाखवायला तुमी बसा की. फोनवर बी आवाज लई खणखणीत हाय तुमचा." गावच्या लेकीला आत्या म्हणायची रीत अजून आहे, एवढं बरं. हल्ली चिठ्ठीऐवजी प्रश्न पडद्याच्या कडेला उमटतात. त्यातले मी निवडायचे आणि मोठ्याने वाचायचे. मी कॅमेरा सुरू केला. इस्त्रीची साडी नेसले, मागच्या मांडणीतली भांडी दिसू नयेत म्हणून तिच्यावर चादर टाकली. वाचनालयाचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले की नानांची गादी लेक चालवते आहे. ते ऐकून मला रागच यायला हवा होता. पण खरं सांगते, मला ते फार आवडलं.

गेल्या रविवारी एक निवृत्त अधिकारी स्पर्धा परीक्षांवर बोलले. वाचनालयात आता अभ्यासिका आहे, गावातली पोरं-पोरी तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. प्रश्न येऊ लागले आणि त्यात एका मुलीचा होता: 'अभ्यासिकेत मुलं रात्री दहापर्यंत बसतात. आम्हा मुलींना संध्याकाळी सहालाच का उठवतात?' अध्यक्षांचा चौकोन माझ्या चौकोनाला लागून होता. त्यांनी डोळे वटारले नाहीत, त्यांनी तो प्रश्न बहुधा पाहिलाही नव्हता. मी दुसराच प्रश्न वाचला, रोज किती तास अभ्यास करावा. तिने तेच पुन्हा लिहून पाठवलं. मी म्हटलं, वेळेअभावी हा शेवटचा प्रश्न घेते, आणि वाचलं, अपयश आलं तर काय करावं. अधिकारी त्यावर दहा मिनिटं बोलले. ते बोलत असतानाच यादीतून त्या मुलीचं नाव गेलं.

दुपारी तिचा मेसेज आला. "आत्या, माझा प्रश्न तुम्हाला दिसला नाही का?" मी भाकरी तव्यावर टाकून लिहिलं, "नाही गं बाळा, गडबडीत दिसला नाही."

मला कुणी दटावलं नव्हतं, नाना. मी घाबरलेही नव्हते. ती जागा जाऊ नये एवढंच वाटलं, आणि प्रश्न गाळायला तेवढं पुरलं. तुमच्याशी भांडायचं म्हणून आज लिहायला बसले, चार पानं भरली, आणि प्रत्येक पानावर तुम्हीच वरचढ ठरताय. चिठ्ठी खिशात घातली हे तुम्ही माझ्या तोंडावर कबूल तरी केलं होतंत. मला तेवढंही जमलं नाही. हे सगळं खरं तर त्या मुलीला लिहायला हवं. तिचा नंबर समोरच आहे. पण ती उलट विचारेल आणि तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. ही पानं कुठे पाठवायची नाहीतच. दोनदा घडी घालून साखरेच्या डब्याखाली ठेवते आहे. मोबाईलवर तिच्या मेसेजखाली माझं 'दिसला नाही' अजून तसंच आहे.