माझ्या बोटांना मानवेल असं पिस्तूल

व्हर्डीताई,

सगळ्यांत आधी उगवला तो शेजारचा क्लेटस, एका हातात मक्याच्या पावाचा तवा आणि दुसऱ्या हातात पिस्तुलाची पेटी! (थांब, नमस्कार राहिलाच. तर ताई, नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? तिकडे टल्सा शहरात ऊन फार आहे का? इथे कोंबड्यासुद्धा गाडीखाली जाऊन बसतात.)

झालं असं, की बायकांच्या नेमबाजी मंडळात नाव घालायचंय, पहिलं पिस्तूल कुठलं घेऊ, एवढंच मी चर्चमध्ये बोलले. मंडळाचा नियम कडक. आपलं पिस्तूल आपणच भरायचं, आपणच रिकामं करायचं. दुसऱ्याचा हात लागला की नाव बाद. आणि माझी बोटं तर तुला ठाऊकच आहेत, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायलाही लेकाला हाक मारावी लागते. मग काय, रविवारी जेवायला आलेला प्रत्येक जण एक पदार्थ आणि एक पिस्तूल घेऊन हजर, आणि जो तो आपलंच असं दाखवतोय, जणू पहिलं नातवंड!

जेवण आटोपून सगळे तळ्यामागच्या मातीच्या बांधापाशी गेलो. आमच्या रॉयसनं एक चिमुकलं पिस्तूल पुढे केलं. "आई, हे खास बायकांसाठी. बघ किती नाजूक!" नाजूक कसलं, मेल्यानं असा हिसका दिला की चष्मा हनुवटीवर आला. क्लेटसच्या पिस्तुलात गोळी चढवायला वरचा भाग मागे ओढावा लागतो. "जोर लाव, नेटीकाकू, जोर लाव!" म्हणून तो ओरडतोय, मी ओढतेय, पण हलली ती फक्त माझी कवळी. मंडळ गेलं हातचं, असंच वाटलं गं. डोळेच भरून आले.

तेव्हा पास्टरबाई पुढे आल्या (त्यांचं रिव्हॉल्व्हर पर्समध्ये, भजनांच्या पुस्तकाशेजारी). म्हणाल्या, "अगं, हलकं पिस्तूल हातात जास्त उडतं. जड घे, धक्का तेच खातं." आणि आपलंच माझ्या हातात दिलं, लांब नळीचं, बारक्या गोळ्यांचं. ओढायचं काही नाही. गोळ्यांची चक्री बाजूला काढायची आणि वाटाणे पेरावेत तशा गोळ्या घालायच्या. मी घातल्या! कुणाचा हात लागला नाही! अंगठ्यानं घोडा मागे घेतला, चाप दाबला आणि बांधापुढे नेमासाठी टांगलेली पत्र्याची ताटली टण्णकन वाजली! पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं आणि मग मी जी नाचले! रॉयस गुपचूप उरलेला मक्याचा पाव खायला घरात गेला.

तुझी,
नेटी

ता. क. पास्टरबाई त्यांचं द्यायच्या नाहीत. पण बाबांचं अगदी तस्संच तुझ्या कपाटात आहे ना, स्वेटरांखाली? बदल्यात आईची गोधडी घे. हो, तीच, जिच्यापायी आपण एकमेकींशी बोलत नव्हतो.

ता. क. दुसरा. सावकाश विचार कर, घाई नाही. फक्त ताईनं दिलंय असं मी सगळ्यांना सांगून बसलेय, आणि ते बघायला सगळेच्या सगळे येत्या रविवारी, प्रार्थना सुटली की, परत येणार आहेत.