खाज अन् हिरवं ब्लँकेट

तीर्थस्वरूप नानाजी भाऊ अन् बायनाबाई वहिनी यायले अहेरीहून रुखमाचा सविनय जय भीम.

वहिनीचे गुडघे, तुमचा खोकला अन् लंगडी शेळी, तिघंही बरे असतील अशी आशा करते. आमची खुशाली विचारूच नका. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर राह्यते अन् शेजारीणच पयले हुंकार देते, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यली.

गोष्ट तुमच्या जवायाची हाये (नाव घेत नाई, रागात हाये). तुमच्या गावचं नाटक पाहून आलो, त्याच्या महिन्याभरानं हे खाजवाले लागले. पयले बोटायच्या मधात, मग मनगट, मग कंबर, मग जिथी चारचौघात हात नेता येत नाई तिथी. दिवसा माणूस बरा, अंथरुणात पडला का सुरू. निदानही स्वतःच केलं, म्हणे मले बिबा उतला, त्याच्या चिकानंच अंगावर खाज उठली. आता बिब्याचं झाड घरापासून दोन कोस, हे त्याच्या सावलीले कधी गेले नाईत, पण म्हणे वाऱ्यानं आला. उतारा म्हणून खोबरं अन् तीळ खाऊ खाऊ पोट सुटलं (चटणीसाठी लपवलेलं खोबरंही सापडलं त्यायले), खाज तशीच. मग दुकानदाराले विचारून ट्यूब आणली. तीन दिवस मस्त थंड, चवथ्या दिवशी दुप्पट. मी साबण बदलला, वांगे बंद केले, शेवटी बोलणं बंद केलं. काईच लागू पडलं नाई.

हसू नका भाऊ, मले रडू येते. रविवारी रोशनीले पाहाले वडश्याचे देवाजी पोराले घेऊन येऊन राह्यले (नाटकात आपल्याजवळ बसले होते, तेच). पियुष नोकरीवाला हाये, पोरीलेही पसंत हाये, काऊन का त्याचा फोटो पाहता पाहता तिनं दूध उतू घालवलं. अन् पोरीचा बाप पाहुण्यायसमोर कंबर खाजवत बसला तं कोण पोरगी करन? मी तालीम घेतली. खुर्चीवर बसा, हात मांडीवर, चहा संपेपर्यंत हालू नका. माणूस बशी उचलेपर्यंतही टिकला नाई.

मग ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं भिंगानं बोटायची बेचकी पाह्यली अन् विचारलं, घरात आणखी कोण खाजवते? कोणीच नाई, असं म्हणता म्हणता माझाच हात कोपराकडे गेला. खरूज निघाली भाऊ! बारीक किडा कातडीत घर करते, अन् एका पांघरुणात दाटीनं बसलं का शेजाऱ्याकडे राहाले जाते. औषध घरच्या सगळ्यायनं एकाच रात्री लावाचं, मानेपासून तळपायापर्यंत, खाजवणाऱ्यानं अन् न खाजवणाऱ्यानंही. सकाळी आंघोळ, कपडे-अंथरूण गरम पाण्यात अन् मग कडक उन्हात. आठ दिवसानं पुन्हा एकदा. बिब्याची बिचाऱ्याची फुकट बदनामी झाली.

वहिनीले नमस्कार, शेळीले पाला.

तुमची बहीण,
रुखमा

ता.क. खरं काम हे हाये. थैलीत औषधाच्या बाटल्या हायेत, कंडक्टरजवळ देते. नाटकाच्या थंडीत आपण सगळे ज्या हिरव्या ब्लँकेटात घुसलो होतो, ते तुमचं होतं. तुमी तवाच मंडपाच्या खांबाले पाठ घासत होते, मले वाटलं नाटकात रंगले. शनिवारी देवाजी तुमच्याकडे मुक्कामी येतील. ते ब्लँकेट त्यायले देऊ नका, पाया पडते. माझ्या पोरीची सोयरिक त्यात अडकली हाये.

ता.क. दुसरा. थैली बांधता बांधता देवाजीचाच फोन आला. लाजत लाजत म्हणे, बाई, रविवार जमत नाई जी, मले बिबा उतला. आता आठवलं, सोयरिकीची गोष्ट निघाली तवा तेही त्याच ब्लँकेटात होते! मी म्हटलं, खोबरं खाऊ नका, औषध येऊन राह्यलं. थैलीत जास्तीच्या बाटल्या टाकल्या, त्यायले पोचवा. शनिवारी रात्री तुमी, आमी अन् ते, सगळ्यायनं एकाच वेळी लावाचं. काऊन म्हणून विचारलं तं सांगा, डॉक्टरीणबाईचा हुकूम घरच्या सगळ्यायसाठी हाये, अन् रुखमानं त्यायले घरच्यात धरलं.