पेटी उघडू देऊ नका

ओरुरो, १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांना,

आज सकाळी शाळेत शिकवले, दुपारी आपल्या एलिओची शवपेटी गावाकडे येणाऱ्या ट्रकवर चढवली. सिप्रियानोमामा सोबत येत आहेत, पत्र त्यांच्याकडेच देते. मला उद्या सरकारी वकिलांपुढे जबाब द्यायचा आहे, म्हणून थांबले.

काळजी नको, मी नीट आहे. आईचा गुडघा कसा आहे?

वर्गात समीकरणे होती. नायट्रेट दोन्ही बाजूंना अखंड असेल तर एकच गठ्ठा धरून मोजा, असे मी नेहमी सांगते. आज मुलांनी खाणीतल्या सुरुंगाच्या दारूचे समीकरण मागितले. फळ्यापाशी रेमी अडली.

"बाई, पलीकडे नायट्रेटच नाही. गठ्ठा कुठे ठेवू?"

"तुझ्या डोक्यात ठेव, जागा आहे," मागून कोणी म्हणाले. सगळे हसले.

मी म्हणाले, "इथे ते फुटते. आता एकेक अणू वेगळा मोजायचा." तिने मोजले. जुळले.

बाबा, शेजारच्या खाणीतल्या टोळीने तीच दारू पिशवीत भरून, वात पेटवून आपल्या बोगद्यात टाकली. एलिओ तोंडाशीच होता.

आई म्हणेल, माझ्या लेकाला मी माझ्या हाताने कपडे घालते. तिला पेटी उघडू देऊ नका. मामांनी आणि मी जेवढे सापडले तेवढे गोळा केले. चेहरा नाही. त्याचे कपडे वेगळ्या गाठोड्यात आहेत. आठव्या दिवशी रीतीप्रमाणे गेलेल्याचे कपडे नदीवर धुतात, तेव्हा तेच तिला धुऊ द्या. माझ्या वाटचेही तीच धुवेल.

मामा ट्रकपाशी बसले आहेत. पत्र देऊन आले की मी बटाटे सोलीन, आता दोघांचे नाही, एकटीपुरते.

तुमची,
नोएमी