निनियन पार्कची शेवटची मॅच

कार्डिफ,
एप्रिल २००९

प्रिय अंबरीश,

फोनच्या मशीनवरचा तुझा निरोप ऐकला. ब्रिस्टलला तुझी खोली रंगवून झालीय, शनिवारी व्हॅन येईल, आई तू फक्त हो म्हण. हो की नाही ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं. फोनवर तू मधेच ओके ओके करतोस आणि माझं राहून जातं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून वाच.

मी बरी आहे. जेवते, झोपते, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जाऊन चादरींच्या घड्या घालते. बाबा जानेवारीत गेले, तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस नाही. इल्फर्डहून उल्कामावशी फोन करते आणि गोळी घेतलीस का विचारावं तसं रडलीस का विचारते. नाही म्हटलं की तीच रडते. दात काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झालेय.

तुला सांगितलं नव्हतं, फेब्रुवारीत ग्विन आला होता. मॅचला निनियन पार्कच्या स्टँडमध्ये बाबांच्या शेजारी बसणारा म्हातारा. म्हणाला, शशीचं तिकीट सीझन संपेपर्यंतचं आहे, रिकामी खुर्ची बघवत नाही. मी म्हटलं, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. तो म्हणाला, आमच्या टीमलाही कळत नाही, या तुम्ही. गेले. बाबांचं जाड जाकीट घातलं, त्यांच्या जागेवर बसले. घरी भिंतीकडे बघायचं ते तिथे गवताकडे बघितलं, एवढाच फरक. ग्विन फ्लास्कमधला चहा देतो, पाणचट असतो, पिते.

तुला आठवतं का, तू दहा-अकरा वर्षांचा होतास, बाबांबरोबर मॅचला गेला होतास आणि मी घरी टीव्हीवर बातम्या लावल्या होत्या. त्यात आपलं ग्राउंड दाखवलं. सगळा स्टँड दोन्ही हातांनी डोकं बडवून घेत होता. आमच्या गावात बायका मयताला असंच करायच्या. मला वाटलं, तिथे कोणीतरी गेलं. मी सुतक धरून गॅस बंद केला, अंघोळीचं पाणी तापवलं आणि तुम्ही आलात तेव्हा दोघांना दारातच अडवलं, की आधी अंघोळ, मग घरात. बाबा थंडीत कुडकुडत हसत होते. त्यांची टीम जिंकली होती. या लोकांची आनंद करायची तीच रीत, हरले तरी तीच. पुढे पिनरचे पाहुणे गणपतीला आले की बाबा ही गोष्ट सांगायचे, माझी फजिती करून. आणि त्याला जोडून सत्तावीस सालची. आर्सेनलचा गोलकीपर, तोही वेल्सचाच, त्याच्या हातातून बॉल कसा निसटला आणि इंग्लंडचा कप त्या एकदाच कसा इंग्लंडबाहेर आला, आपल्या कार्डिफला. जसे काही हे स्वतः बॉलमागे उभे होते. पाहुण्यांच्या हातात प्रसाद तसाच. गेल्या वर्षी टीम पुन्हा फायनलला गेली, एका गोलनं हरली, तेव्हा वेम्बलीहून येऊन म्हणाले, आता आणखी ऐंशी वर्षं थांबू. थांबले कुठे.

आता जे लिहायचं ते लिहिते. क्रिमेटोरियममध्ये बाबांच्या पेटीपुढे पडदा सरकला आणि माझे हात वर गेले होते. तू माझी मनगटं धरलीस. हळूच म्हणालास, "आई, इथे नको." सगळे कसे नीट बसले होते, बाबांच्या एक्स-रे खात्यातले साहेब, नर्सेस, तुझ्या ऑफिसचे. तुझं चुकलं असं म्हणत नाही. तू इथे वाढलास. पण ते हात तिथेच राहिले, अंबरीश. खाली आलेच नाहीत.

परवाच्या शनिवारी जुन्या ग्राउंडवर शेवटची मॅच होती. पुढच्या सीझनला टीम रस्त्यापलीकडे नव्या ग्राउंडवर जाणार, हे पाडणार. हरले. तीन-शून्य. चांगला निरोपही देता आला नाही मेल्यांना. शिट्टी झाली तरी कोणी हलेना. मग ग्विननं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर आपटायला लागला. त्याच्या मागचा, त्याच्या पुढचा, सगळं ग्राउंड. माझेही हात गेले. मी हळू नाही बडवलं. घसा फाडून तुझ्या बाबांना हाक मारली, नावानं, जी आयुष्यात कधी मारली नव्हती. कोणी वळून बघितलं नाही. कोणी धरलं नाही. पाणी तेव्हाही आलं नाही डोळ्यांत, पण हात खाली आले. घरी येऊन आधी डोक्यावरून पाणी घेतलं, मग गॅस पेटवला.

तेव्हा व्हॅन पाठवू नकोस. ब्रिस्टलला मी येत नाही, तिथे माझे हात पुन्हा कोणीतरी धरेल. रंगवलेल्या खोलीत तुझी सायकल ठेव. ग्विनच्या शेजारी नव्या ग्राउंडवर जागा घेतलीय, आणि तिच्या शेजारी आणखी एक. तूही रडला नाहीस, मी बघत होते. ऑगस्टमध्ये नवा सीझन सुरू झाला की ब्रिस्टलहून पूल ओलांडून ये. मी पाणी तापवून ठेवते. तुझे हात मी धरणार नाही.

तुझीच,
आई